रस्ता कर

मार्चचा शेवटचा आठवडा. खिडकी क्रमांक तीन.
पंखा फिरतो तो फक्त साहेबांच्या दिशेनं,
आणि काचेला पाडलेल्या अर्धगोल भोकातून
अख्खं ठाणं माझ्याशी वाकून बोलतं.

वाकून. नमून नाही.

मानपाड्याच्या टॉवरमधल्या बाई मोबाइल काचेला चिकटवतात :
हा बघा, आमच्या गेटसमोरचा. झूम करा. अजून करा.
खड्ड्यात पाणी, पाण्यात त्यांचाच टॉवर,
उलटा, बाविसाव्या मजल्यापर्यंत स्वच्छ.
याचे पैसे घेता तुम्ही?
मी विचारते, पावती हवी की मेसेज चालेल?

सात वर्षं न भरलेले एक गृहस्थ
अभय योजनेच्या पहिल्याच दिवशी पेढे घेऊन आले.
शास्ती माफ. सगळी.
कर नाही त्याला डर कशाला, रांगेतून कुणीतरी म्हणालं.
रांग हसली.
वेळेवर भरणारे जरा कमी हसले.

आणि रोज एकजण तरी सांगतोच :
आमच्या टॅक्सवर जगता तुम्ही.
खरं आहे.
माझाही कापला जातो, पगार हातात यायच्या आधी.
कापूरबावडीला माझ्याही स्कूटरचं मडगार्ड तुटलं,
कोपराला चार टाके.
पण काचेच्या आत बसलेल्यांचा रस्ता
वेगळा असतो, असं लोकांना वाटतं. असो.

बाळकूमचे पद्माकर केणी ओरडत नाहीत.
वागळे इस्टेटच्या लेथवर तीस वर्षं,
उजव्या हाताची दोन पेरं तिथेच राहिली.
उरलेल्या बोटानं बिल वाचतात, वरून खाली,
सामान्य कर, वृक्ष कर, शिक्षण कर,
आणि बोट थांबतं.
"रस्ता कर.
मना सांग बाय, ह्यो हुकूम कोन कोनाला देतंय?"
मला आधी कळलंच नाही.
रात्री भाकरी थापताना एकदम हसू फुटलं,
भाकरी करपली.

दर वर्षी ते एक रुपया कमी भरतात.
खड्ड्याचा कापला, म्हणतात.
कॉम्प्युटर एका रुपयाची थकबाकी दाखवतो,
त्यावर व्याज धरायला लागतो,
म्हणून माझ्या पर्समधला एक मी घालते.
अकरा वर्षं.
कुणाला सांगितलं नाही.
हा भ्रष्टाचार आहे का, तेही माहीत नाही.

या जानेवारीत त्यांचा रस्ता झाला.
एका रात्रीत. सकाळी नारळ, आणि बॅनरवर नऊ चेहरे,
डांबर टाकणाऱ्याचा एकही नाही.
पंधरा दिवसांनी केबलवाल्यांनी
तो मधोमध चिरला.

परवा केणी आले. पूर्ण रक्कम.
वर रुमालाची गाठ सोडून अकरा नाणी.
म्हणजे माहीत होतं त्यांना.
मी म्हटलं, काका, रस्ता तर पुन्हा खणलाय.

"खनला ना. पन त्या पंदरा दिसांत
बायकोला कलव्याचे हॉस्पिटलान नेली, रिक्षानं.
कमरंचं हाड मोडलंय तिचं.
दारापासून नाक्यापावत
एकदा बी वरडली नाय."

नाणी काचेखालून सरकवली.
"भाडं समज. पंदरा दिसांचं."

घरी आल्या का त्या, विचारायचं होतं.
मागून आवाज आला : बाई, रांग आहे.

अकरा रुपये कुठल्या शीर्षाखाली भरायचे,
साहेबांना विचारलं.
कसले अकरा रुपये, ते म्हणाले,
आणि पंख्याकडे तोंड केलं.

स्कूटरच्या डिकीत आहेत. सुटे.
कापूरबावडी ते माजिवडा
आता मला खड्डे बघावे लागत नाहीत, ऐकू येतात.
सरळ रस्ता लागला
की नाणी गप्प बसतात.
काल एकदा बसली होती, पुलावर,
पाच-सहा सेकंद असेल.
मी घाबरून ब्रेक मारला.