एकशे चोपन्न जीबी

धनकवडीतल्या पतसंस्थेचा सर्व्हर
रात्री पावणेदोनला म्हणाला, जागा संपली.
डीएफला विचारलं : शंभर टक्के, दोनशेपैकी दोनशे.
डीयूला विचारलं, त्याने एकेक फोल्डर उचकून
मोजून दाखवले शेहेचाळीस.
दोघंही खोटं बोलत नव्हती.
खोटं बोलायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

आयनोड पाहिले, ढिगाने शिल्लक.
माउंटखाली काही दडलंय का, तेही पाहिलं;
सापडली एक रिकामी डिरेक्टरी, टेस्ट२ नावाची,
माझीच.
वॉचमन मेमाणेकाका चहा ठेवून गेले,
"मॅडम, एवढं काय भरलंय त्यात?"
तेच शोधतेय, म्हटलं.

मग उघड्या फाइलींची यादी मागवली
आणि खाली, शेवटून तिसऱ्या ओळीत,
कंसात एक शब्द : डिलीटेड.
एसएमएसची लॉग फाइल. एकशे चोपन्न.
गेल्या पंधरवड्यात मीच पुसली होती,
हात झटकून, झालं साफ, असं म्हणून.

पुसलं गेलं होतं फक्त नाव.
एक प्रोसेस अजून तिला धरून होती,
पत्ता नसलेल्या पानावर
दर चार सेकंदांनी एक ओळ लिहीत :
आपला हप्ता जमा झाला.
आपला हप्ता जमा झाला.

सुरू केली होती घाटपांडेने,
चारशे अकरा दिवसांपूर्वी.
तो नोकरी सोडून इंदूरला गेला त्यालाच वर्ष झालं.
फोन लावला. झोपेतच म्हणाला,
"अगं, चालू आहे ती अजून?"
आवाजात आनंद होता थोडा.
मला तो आवडला नाही. आवडलाही.
"मार की," म्हणाला, "परत उठते ती."

मारली. उठली, नव्या नंबराने,
आणि डीएफ तेवीस टक्क्यांवर येऊन बसलं
जणू काही झालंच नव्हतं.
एंटर दाबण्याआधी मी जरा थांबले होते,
पण ते कुठल्याच लॉगमध्ये नाही.

पहाटे धायरीला पोचले.
पार्किंगात सात नंबरला
ढमढेऱ्यांची स्कूटर, कव्हर घातलेली,
कव्हरवर मांजर.
फ्लॅट विकून ते केव्हाच गेले, पाटी उतरली,
सोसायटीच्या वहीत नावावर काट,
पुढे सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात : रिकामी.

मी गाडी, रोजच्यासारखी,
बाहेर नाल्याच्या कडेला लावली.