खसखस

म्हार्दोळहून निघाले तेव्हा रात्रीचे साडेअकरा.
बाणास्तारीच्या पुलावरच पोटात ढवळले.
गालात आल्याचा तुकडा, काच खाली,
तरी पर्वरीला एकदा आणि कोलवाळला पुन्हा
रोहिदासला गाडी कडेला घ्यावी लागली.
"मावशे, विमान अजून पुढं आहे," तो म्हणाला,
पाण्याची बाटली पुढे करून, तोंड दुसरीकडे करून.
भला मुलगा.

बूट सुलक्षाच्या हट्टाचे.
अबूधाबीत म्हणे फरशी थंड असते,
आणि माणसे पायांकडे बघतात.
अठ्ठावन्न वर्षे मोकळी वाढलेली बोटे
एका खोलीत कोंडलेल्या जावांसारखी.
त्यात जोडवी. साबणानेही निघेनात.
मोपा येईपर्यंत उजव्या करंगळीने
बोलणेच सोडले माझ्याशी.

तसा दिवस विचारून घेतलेला.
देवीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली,
भटजी म्हणाले, प्रसाद झाला, खुशाल जा.
पोटाचे, बुटांचे मी तिला विचारलेच नव्हते.
खसखशीचे तर नाहीच नाही.

ते रोहिदासने काढले, सामान उतरवताना.
डबा हुंगून म्हणाला, "डिंकाचे?"
डिंक, खारीक, गोडंबी, जायफळ,
"आणि पावशेर खसखस," मी कौतुकाने सांगितले, "मंद भाजून."
त्याचा मेव्हणा शारजात टॅक्सी चालवतो.
"तिकडं खसखस म्हणजे अफू, मावशे.
दाणा सापडला तरी आत टाकतात."

अफू!
सात बाळंतिणी उठल्या आमच्या घरात या लाडवांवर.

दोन वाजता
काचेच्या त्या भल्या थोरल्या घरात
कचऱ्याच्या डब्यापाशी मी उभी,
हातात एकवीस लाडू,
आणि हात काही सुटेना.
फरशी पुसणारी बाई थांबली.
छातीवर बिल्ला, द्रौपदी.
"टाकता? पाप लागेल ना."
मग खा, म्हटले.

खांबाआड ट्रॉलीच्या कडेवर टेकलो दोघी.
तिने तीन खाल्ले, न बोलता, चाखत.
मग म्हणाली, "इथं मामाचं काजूचं झाड होतं.
याच खांबाशी असं नाही. पण इथंच कुठंतरी."
आणि वाकून माझ्या बुटाची नाडी सोडली,
मी नको नको म्हणत असताना
कागदी रुमालाची घडी जोडव्याखाली सरकवली.
"आता चालून बघा."
चालून बघितले. लंगडत, पण चालले.
भीत भीत मीही एक लाडू खाल्ला.
आल्याने जे जमले नव्हते ते तुपाने केले,
पोट खाली बसले.
उरलेले रोहिदास आणि रात्रपाळीने वाटून घेतले.
डबा तेवढा धुऊन घेतला मी नळावर.
रिकामा डबा नेऊ नये म्हणतात,
म्हणून केसांतली जायांची फाती काढून आत ठेवली.

एजंटाने बजावलेले, बाळंतपण म्हणू नका.
विचारले तर एकच शब्द, टुरिस्ट.
जन्म गेला माझा टुरिस्ट बघण्यात.
मंगेशीच्या वाटेवर खांदे सोललेले,
नकाशा उलटा धरून उभे,
उन्हात मोजे घालून.
पदराआड किती हसले असेन त्यांना.
त्यांचीही करंगळी दुखत असेल
हे कधी मनात आले नाही.

साहेबाने पासपोर्ट उलटला.
सगळी पाने कोरी, नव्या वहीसारखी.
"कशाला जाताय?"
टुरिस्ट, मी म्हटले,
आणि ओठ घट्ट मिटले.

शिक्का बसला.
आता खिडकीपाशी बसून आहे.
बाहेर अंधार, दिवे, आणि सडा असलाच तर दिसत नाही.
दाढेत कसला तरी दाणा अडकलाय,
बारीक, गोल.
अबूधाबी येण्याआधी निघायला हवा.
जीभ लावून बघते आहे.