सीटखाली

गाडी माझी आहे.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण गॅरेजवाला असो, पंपावरचा पोरगा असो,
पहिला प्रश्न ठरलेला: साहेबांची का?

दोन पावसाळे ती सहकारनगरात
आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मेन स्टँडवर उभी.
कात्रजच्या जुन्या घाटात माझा गुडघा गेला,
तिचा नुसता आरसा.
परवा डॉक्टर म्हणाले, चालवा आता, पण जपून.

तर बॅटरी मेलेली.
बॅटरी सीटखाली.
सीटचं कुलूप जाम.
ते खोलायला पाना हवा, तो सीटखालच्या गुंडाळीत,
स्क्रू ड्रायव्हरही तिथेच, पक्कडही.
सगळी अक्कलहुशारी मी
जिथे बसते तिच्याच खाली ठेवून दिली होती.

शिलाई मशीनचं तेल घातलं,
दुखऱ्या कानात घालतात तसं, थेंब थेंब,
आणि वाट पाहिली.
तळमजल्यावरच्या टेम्पोवाल्याने
बिसलेरीच्या झाकणातून डिझेल आणून दिलं.
तेही घातलं. हेअर ड्रायर लावून शेकलं.
मग दात-ओठ खाऊन पिळली, आणि वळली!
वळली ती किल्लीच. कुलूप नाही.
वरवंट्याने ठोकून सरळ केली,
आणि नाना पेठेतल्या मोमीनला फोन लावला.

मागे पत्रा ठोकल्याचा आवाज.
"किल्लीशी भांडू नका मॅडम.
आतली खिट्टी ताणात अडकलीय.
उघडायचंय म्हणून तुम्ही सीट वर ओढताय, हो ना?
उलटं करा. खाली दाबा.
वजन पडलं की तिला ढिलं वाटतं, मग सोडते.
एका हाताने होणार नाही, कुणाला तरी बसवा वर.
जाड माणूस असलं तर बरं."

इमारतीत जाड माणूस एकच.
दुसऱ्या मजल्यावरचे खळदकर.
गेल्या दिवाळीत माझ्या टाकीवर
चिकटपट्टीने कागद लावणारे:
'बंद वाहने भंगारात द्यावीत.'
खाली सही, तारीख, वेळसुद्धा.
कागद काढताना रंगाचा टवका उडाला, नखाएवढा.
तेवढ्यावर आम्ही वर्षभर बोललो नव्हतो.
जिन्यात ते भिंतीकडे बघत, मी मोबाइलकडे.

ते दुधाची पिशवी घेऊन आत शिरले.
मी फरशीवर, कोपरापर्यंत काळी.
जरा बसता का?
कुठे?
ह्यावर.

पिशवी त्यांनी हँडलला अडकवली.
पायजमा सावरला,
आणि दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे
कडेकडेने टेकले.
वजन टाका.
टाकलंय की.
नाही टाकलेलं. पाय उचला.

खळदकरांनी पाय उचलले.

सुपारी फुटावी एवढाच आवाज.
किल्ली बोटांत फिरली,
जोर लावायला मी जमवलेला सगळा राग
तसाच मनगटात राहून गेला.
उतरू?
थांबा, म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.
ते थांबले. पाय अधांतरी.
बाहेर कचऱ्याची गाडी गाणं लावून गेली.
उतरा आता.

सीट बोटभर वर आली.
आत पान्यांची गुंडाळी, गंजून एकजीव झालेली.
मुदत संपलेली पीयूसी.
आणि विम्याच्या कागदांचं,
पिवळ्या फडक्याच्या दशांचं
एक घरटं, वाटीसारखं गोल, रिकामं.
खळदकर वाकून बघत राहिले.
"अहो, इथे तर कुणीतरी राहत होतं."
मग बंद कशी म्हणता, हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.

बॅटरी अजून मेलेलीच आहे.
दूध ते विसरूनच गेले.
मी वर घेऊन गेले, एकेक पायरी,
गुडघ्याला शिव्या घालत.
त्यांनी दार उघडलं, पिशवी घेतली, थँक्यू म्हणाले
आणि आत वळले.
पायजम्यावर मागे
दोन पावसाळ्यांच्या धुळीचा भलामोठा गोल.

सांगायला हवं होतं.