आठ मीटर

मिरजेत, दवाखान्याच्या मागं, जुन्या लाँड्रीच्या जागी
आमची प्रयोगशाळा. आमची म्हणजे सगळ्यांची:
सकाळी फिजिओथेरपीवाले, दुपारी इंजिनिअरिंगची पोरं,
गुरुवारी तालमीतले.
कॉम्प्युटरात ज्याचा त्याचा फोल्डर, ज्याचा त्याचा पासवर्ड.
किल्ली मात्र एकच. ती माझ्याकडं.

भिंतींवर बारा कॅमेरे. जमिनीत दोन पाट्या,
पाऊल किती जोरानं पडलं ते सांगणाऱ्या.
मी गुडघ्यांवर, घोट्यांवर चकाकते मणी चिकटवते
आणि म्हणते, "रोज चालता तसं चाला."
हे ऐकलं की कुणालाच चालता येत नाही.

दस्तगीर नदाफ, सांगलीच्या हळद पेठेतले हमाल.
पाठीवर पोतं नाही,
तर हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना.
"रिकामा चालतो की मी," म्हणाले,
"रात्री घरला जाताना. पण तेव्हा बघतंय कोण?"
शेवटी पोरांनी वाळूचं पोतं आणलं.
ते पाठीवर बसलं,
आणि पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस
वाकला, खरा झाला, झपाझप निघाला.

पाटीवर पिवळं पाऊल उमटलं.
स्पिरिटनं पुसलं. फिकं झालं, गेलं नाही.

तीन वाजता कवठ्याच्या बनूबाई कोळेकर,
खुबा बदलून सहा महिने झालेल्या.
"जोडवी काढा, मावशी."
"निघत न्हाईत. बोटंच वाढली त्येंच्याभवती."
पडद्यावर चार ठिपके जास्तीचे,
सॉफ्टवेअर विचारत राहिलं: यांना नाव द्या.
मी वरून काळी टेप लावली.
"झाकलीस व्हय? मग ह्यो माझा पाय कसा?"

तरी चालल्या. पाटीपाशी आल्या, थबकल्या,
आणि वळसा घालून पुढं गेल्या.
"हळदीवर पाय देत न्हाईत, बाय."
चार फेऱ्या. चारही वेळा वळसा.
नव्या खुब्यावर, काठी न टेकता,
इतका सफाईदार वळसा
की डॉक्टर बघतच राहिले,
आणि पाट्यांना त्याचा पत्ताच नाही.

वहीत लिहिलं: फेऱ्या चार, नोंद शून्य.
कारणाचा रकाना मोकळा ठेवला.
उद्या गुरुवार. पैलवान येतील,
त्यांच्या तळव्यांनी जाईलही तो डाग.

दिवे मालवले, कुलूप घ्यायला वळले,
दारात आल्यावर लक्षात आलं,
मीपण भिंतीच्या कडेनंच आले होते.