पासंग

शनिवारी नेवेंका नावाची मुलगी होडी बघायला आली.
शीड उलगडून तिने त्यावरचा लाल तारा पाहिला,
मडकं पारखावं तशी डोलकाठी टिचकी मारून ऐकली,
मग काठावर, जिथे रंग उडून खालचा थर दिसतो,
तिथे हात ठेवून म्हणाली : हे काय लागलं?

लागलं नाही काही. तिथे याक्शा असायचा.

दोघांची होडी ही. एकजण सुकाणूवर,
दुसरा काठाबाहेर : पोटऱ्या तेवढ्या आत,
बाकी सगळा माणूस पाण्यावर आडवा टांगलेला,
डोकं लाटेपासून वीतभर,
कान होडीच्या कुशीला.
नियमांत सूत्रच आहे :
मी शहात्तर किलो, म्हणून त्याला एकशे सोळाची मुभा.
माझ्या किरकोळपणाचा पासंग तो.

ब्राच बेटावरचा पाथरवट. भुवयांत पांढऱ्या दगडाची भुकटी.
पेरिना त्याला बटाटे, मासळी, पुन्हा बटाटे वाढायची
तागडीत घालावं तसं, काट्याकडे बघत.
एकदा दोनशे ग्रॅम जास्त भरला,
तर गेला आणि दाढी करून आला.

चौदा वर्षं. कील, गार्दा, कास्काइस.
जुन्या ओपेलमागे होडी, पुढे आम्ही, मध्ये गप्प बसणं.
इतक्या शर्यतींत त्याने एकही शर्यत पाहिली नाही.
बोये, झेंडे, पुढच्यांच्या पाठी, सगळं मी पाहिलं.
सोनेरी ताऱ्याची शिडंही मीच, बहुतेक मागून.
त्याने पाणी पाहिलं,
तेसुद्धा एका वेळी हातभर.
भोंगा वाजला की ओलाचिंब आत चढत विचारायचा :
कितवे?
अकरावे, याक्शा.
बहुधा अकरावे.
एकदा चौथे. तेव्हा त्याने तीनदा विचारून घेतलं.

गार्दावर वारा पाठीशी घेऊन वळताना
मागचा दोर ताणायला त्याला एक श्वास उशीर झाला
आणि डोलकाठी उसाच्या कांड्यासारखी मोडली.
शिडाखालच्या त्या ओल्या उजेडात तो हसत होता.
मी नाही हसलो. आठवडाभर नाही.

मग तो एप्रिल.
माएस्त्राल नेहमीच्या वेळी आला, जेवणानंतर,
शीड तेच, माणूस तोच, काठाबाहेर,
तरी होडी कलत राहिली.
सुकाणूचा दांडा तळहाताला ओढ देऊ लागला,
चारचौघांत कुणी बाही ओढून बाजूला बोलवावं तसा.
मी शीड सैल केलं. वाऱ्याला बोल लावला.
मग त्याच्यावर ओरडलो, शिवी घालून : बाहेर हो, अजून!
तो होता तेवढा बाहेर होता.

डॉक्टरांना जूनमध्ये कळलं.
पेरिनाला मेमध्ये, पट्ट्याच्या भोकांवरून.
माझ्या हाताला त्या दुपारीच कळलं होतं.

शेवटी शेवटी म्हणाला, माझ्या जागी एक दगड बांध ब्राचचा.
निदान कितवे म्हणून विचारणार नाही.

हे सगळं मी नेवेंकाला सांगितलं नाही.
चालवून बघ, म्हटलं, आणि सुकाणू तिच्या हाती दिलं.
चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा काठाबाहेर गेलो.
त्या झिजलेल्या जागेत माझ्या पोटऱ्या सैल पडत होत्या.
किनारा नाही, स्प्लितचा घंटाघर नाही, आभाळही नाही;
हिरवं पाणी, धावणारं, नाकाशी,
आणि होडीच्या पोटात एक बारीक घुमणं,
जे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं.

धक्क्याजवळ आत चढताना तोंडातून निघून गेलं :
कितवे?

ती बघत राहिली. पाण्यावर दुसरी होडीच नव्हती, म्हणाली.

मग किंमतीचं बोलणं झालं.
तिला जास्त वाटली.
मी कमी केली नाही.