यंत्र क्रमांक तीन

ओइवा रांतानेन दर गुरुवारी येतो,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटतो
आणि विचारतो, "हेल्का, भविष्य आलंय का नवीन?"
म्हणजे त्या विषयावरचं पुस्तक.
आमच्या वाचनालयात ती भरपूर,
खिडकीजवळच्या फळीवर. सगळ्यांच्या पाठी निळ्या.

वाचण्याआधी तो पान चिमटीत धरतो,
उजव्या हाताच्या,
डाव्याची तर्जनी अर्धीच आहे.
उजेडासमोर उचलतो.
"ऐंशी ग्रॅम. आपलंच. यंत्र क्रमांक तीन.
लोकरी पट्टा बदलला त्यानंतरचं."
मग खुर्ची ओढून वाचायला लागतो
कागद कसा संपणार ते.

पुस्तकात लिहीत नाही. नियम आहे.
चिठ्ठ्या ठेवतो, जुन्या सूचिकार्डांच्या पाठीवर.
ती कार्डं मीच रद्दीत काढली होती
संगणक आला त्या वसंतात,
आणि मला वाईट वाटलं नव्हतं,
हेही इथे नोंदवून ठेवते.

पान ४१: "लेखक म्हणतो, एक दार बंद झालं की दहा उघडतात.
आमच्या गल्लीत मोजली. दोन. त्यातलं एक पिझ्झाचं."

पान ११२: "इथे समाज हा शब्द सात वेळा.
नाव एकाचंही नाही."

पान १९०: "हे मात्र खरं.
गिरणी बंद झाल्यावर तिसऱ्या वर्षी
सरोवरात मासे परतले. मी स्वतः दोन धरले.
चव चांगली होती. काय करू?"

कागदगिरणीच्या मोठ्या दालनात आता सर्व्हर.
माणसं अकरा.
ओइवाचा एक कान यंत्रानं कधीच नेला,
उरलेला त्यानं कुंपणाच्या जाळीला लावला
आणि मला म्हणाला, "सूर तोच आहे गं. फक्त वास गेला."
तिथलं गरम पाणी गावाखालच्या नळांतून घरोघर फिरतं.
फेब्रुवारीत, उणे सव्वीसला,
तो मोजे काढून पाय रेडिएटरवर ठेवतो.
"जगात कुठेतरी कुणीतरी मांजराचा व्हिडिओ बघतंय
आणि माझे तळवे शेकतायत.
आभार कुणाचे मानायचे?
पुस्तकात पत्ता नाही."

लांब चिठ्ठी एकदाच सापडली.
तीन कार्डं, टाचणीनं जोडलेली.

"माझा बाप नदीतून ओंडके खाली न्यायचा.
वाहत्या लाकडावर उभा, हातात लांब आकडीची काठी.
पुलावर बायका बघायला थांबायच्या.
मग रस्ता झाला. ट्रक आले.
बाप दर रविवारी अंगणात बसून
काठीला तेल लावायचा. चार वर्षं.
मी एकवीसचा, गिरणीत नवा लागलेलो,
खिशात पगाराचं करकरीत पाकीट.
सगळ्यांदेखत म्हणालो,
बाबा, ट्रकला पोहता येत नाही, पण तो वेळेवर येतो.
सगळे हसले. तोही हसला.
काठी तेवढी भिंतीला टेकवून ठेवली.

तेव्हा मी सुपात होतो.

मी शिकलो ते एवढंच. बाकीचं पुस्तकांत आहे."

पुस्तक फळीवर लावण्याआधी
आतले कागद काढायचे, हाही नियमच.
इतर चिठ्ठ्या माझ्या खणात आहेत,
डिंकाच्या बाटलीखाली.
ही मी काढली नाही.

गेल्या पंधरवड्यात ते पुस्तक वेन्लानं नेलं.
तेवीस वर्षांची, सर्व्हरच्या दालनात
थंड पाण्याचे नळ सांभाळते.
मी तारखेचा शिक्का उचलला तशी खुदकन हसली,
"अजून शिक्का मारता तुम्ही?"
मारते, म्हटलं,
आणि मारला, जरा जोरातच.

पुस्तक अजून आलेलं नाही.
मुदत परवा संपते.