खाली अक्षर आहे

मोबाइलवर कुणीतरी दाखवलं होतं,
टाकसाळीत चुकलेल्या नाण्याला लाखाची बोली.
म्हणून गिरजाआत्या गेल्यावर तिच्या पेटीत सापडलेला
चारमिनारचा हाली रुपया
रुमालात बांधून मी जालन्याला गेलो.
मिनारांच्या वर एक गाठ होती,
ज्वारीच्या दाण्याएवढी, चांदीचीच वाटावी अशी.
परतूरच्या एसटीतच माझा
पंक्चरच्या दुकानाचा कंप्रेसर घेऊन झाला होता.

सराफ्याच्या तोंडाशी कलीमुल्ला घडीसाज.
घड्याळं आता कुणी आणत नाही,
नाणी आणतात.
त्यानं डोळ्यात भिंग अडकवलं
आणि मला विसरला.

मग म्हणाला, बघ,
ठसा तडकला असता
तर ठोका पडतानाच धातू त्या चिरेत शिरला असता.
गाठ अन् नाणं, एकच कातडी.
हिला कड आहे. ही वरून बसलीय,
बैलाला गोचीड बसते तशी.

मी हटलो नाही.
काळा डाग दाखवला: घाम आणि हळद, म्हणाला.
पुसट अक्षरं: झीज.
चेपलेली कड: दगडावर वाजवून बघितलंय कुणीतरी,
खरा आहे का म्हणून.

मग गल्ल्यातून त्याचं स्वतःचं काढलं,
भोकाचं दोन पैचं नाणं.
मधलं भोक सरकून कडेला आलेलं,
अर्धं अक्षर खाऊन.
हे असंच जन्मलं, म्हणाला,
आणि लगेच आत ठेवलं.

डाग द्यायची सळई तापली.
टोक टेकवताच गाठ पाघळली. कथील.
खाली अक्षर होतं, अख्खं,
मला न वाचता येणारं.
त्यानं वाचलं, मनातल्या मनात.
चूक असती, तर इथं अक्षरच नसतं, बेटा.
इथं कडी होती. गळ्यातली.
ओढून तोडलीय.

आत्याच्या गळ्यात मी काळी पोतसुद्धा पाहिली नाही.
मानेवर मागं एक पांढरा वळ होता, बोटभर.
लहानपणी वेणी घालताना मी विचारायचो,
ती म्हणायची,
जन्मापासूनचा आहे रे.

कलीमुल्लानं काटा काढला,
चांदीच्या भावानं किती होतात ते सांगितलं.
बरोबरच सांगितलं असणार.
मी रुपया रुमालात बांधला
आणि फरशीवर घरंगळलेला
कथलाचा मणी तेवढा
मागून घेतला.